भिंतीतलं पाणी

रविवार, ता. ३

चि. धाकट्यास,
ताईचे अ. उ. आ., वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पाकिटावर तू स्वतःच्या नावामागे 'पाळक' असा शिक्का मारला आहेस, तो पाहून पोस्टमनने मला उगाचच वाकून नमस्कार केला. तुला मान देणारे रोज शंभर भेटत असतील, पण कान उपटणारी एकच आहे, हे लक्षात असू दे.

बाबांचं तसंच चाललंय. झटका येऊन चार महिने झाले. उजवं अंग लुळं ते लुळंच. तोंडात शब्द एकच, 'पाणी'. भूक लागली तरी पाणी, कूस बदलायची तरी पाणी, मी खोलीत आले की आनंदानेसुद्धा पाणी. मी ग्लास पुढे करते. कधी घोटभर घेतात, कधी डाव्या हाताने असा उडवतात की मलाच आंघोळ होते. डॉक्टर म्हणाले, याला अर्थबिर्थ काही नाही. चाळीस वर्षं नळाची कामं केलेला माणूस, जिभेला जो शब्द सवयीचा तो मागे राहिला. मनावर घेऊ नका म्हणाले.

एकटं वाटू नये म्हणून मी माझं शिलाई मशीन त्यांच्याच खोलीत हलवलंय. शाळेच्या गणवेशांचं काम आहे, सकाळी बसते ती दिवेलागणीला उठते. मशीन थांबलं की रेडिओ लावते. गुरुवारी चर्चच्या मंडळीतल्या बायका येऊन खाटेभोवती गाणी म्हणतात. खोली भरलेली राहते. गाणी सुरू झाली की वरच्या बाई काठीने जमीन ठोकतात, तो ठेका वेगळाच. तुला ठाऊक आहे, आमचं तीन वर्षं बोलणं नाही. त्यांनी नळ उघडा ठेवला, छतातून पाणी गळून मी शिवलेला त्या नवरीचा पांढरा झगा लग्नाच्या आदल्या दिवशी वाया गेला, आणि वर मलाच म्हणाल्या की ज्या कापडाला पाणी सोसत नाही ते कापडच नव्हे. मी विसरलेले नाही, विसरणारही नाही.

आता मुद्द्याचं. तू तुझ्या गावातल्या त्या शुश्रूषागृहात बाबांसाठी खाट बघितलीस आणि वीस तारखेच्या आत कळव म्हणून मोकळा झालास. पाठवलं तर ते अनोळखी माणसांत एका शब्दावर दिवस काढणार. ठेवलं तर माझी कंबर किती दिवस साथ देईल सांगता येत नाही. त्यांना उचलताना परवा डोळ्यांपुढे काजवे चमकले. रोज प्रभूला विचारते. तो काही बोलत नाही. तू शिकलासवरलेला आहेस, तुला तरी ऐकू येतं का, ते खरं खरं लिही.

आहे तो लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
ताई


गुरुवार, ता. ७

ती. ताईस,
प्रभूत स. सलाम, वि. वि.

तुझा प्रश्न वाचून खुर्चीत सरळ बसलो. खरं सांगायचं तर मला बोलायचं इतकं काम असतं की ऐकायला फुरसत होत नाही. म्हणून गेल्या महिन्यापासून मंडळीत एक नवीन गोष्ट सुरू केली आहे. उपासना संपली की अर्धा तास सगळ्यांनी गप्प बसायचं. काही मागायचं नाही, यादी वाचायची नाही. येशू जे सुचवेल ते ऐकायचं आणि आठवडाभरात ती एक गोष्ट करायची. पहिल्या रविवारी मुख्याध्यापक घोरले. दुसऱ्या रविवारी खजिनदारांना आतून आवाज आला की पाळकाने प्रवचन आखूड करावं. पण बाकीची माणसं टिकून आहेत.

आपल्या भाषेची गंमत बघ. 'मुलगा ऐकतो' असं म्हटलं की त्याचे कान शाबूत आहेत असा अर्थ होत नाही. तो सांगितलेलं करतो असा होतो. मी हे प्रवचनात सांगितलं, लोकांना फार आवडलं.

बाबांच्या शब्दाबद्दल मला वेगळंच वाटतं. मागच्या रविवारी मी त्यावरच बोललो. विहिरीवर प्रभूने त्या परक्या बाईपाशी पाणी मागितलं आणि तिला जिवंत पाण्याचं सांगितलं, ते घेऊन मी म्हणालो की माझ्या वडिलांचं सगळं गेलं, पण आत्म्याची तहान उरली. लोकांनी डोळे पुसले. तूही त्यांना तसंच ऐक. त्यांच्याजवळ बसून शास्त्रातले उतारे मोठ्याने वाच, यादी सोबत जोडली आहे. आणि जमलं तर तो अर्धा तास करून बघ.

खाटेचं वीस तारखेच्या आत कळव. त्यांच्याकडे रांग आहे. तुझ्या मायेची सावली असू दे.

तुझा,
धाकटा


बुधवार, ता. १३

चि. धाकट्यास,
अ. उ. आ., वि. वि.

घाईत लिहिते आहे. काल संध्याकाळपासून बाबांनी घर डोक्यावर घेतलंय. सारखं पाणी, पाणी, पाणी. आवाज बसला तरी थांबत नाहीत. ग्लास दिला की भिरकावतात. गार दिलं, कोमट दिलं, साखर घालून दिलं. डावी मूठ भिंतीवर आपटून आपटून सोलून घेतली. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, ती थुंकली. तुझे उतारे वाचायला घेतले तर पुस्तकच ओढून फेकलं. शुक्रवारी गणवेश द्यायचे आहेत, म्हणून कानात बोळे घालून मशीन चालवते आहे.

आज सकाळी मी त्यांच्यावर ओरडले. इतकं पाणी काय डोक्यावर ओतू का, असं विचारलं. ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिले ती सांगता येत नाही. माझ्याच्याने होत नाही रे. ती खाट घेऊन टाक.

ताई


शुक्रवार, ता. १५

चि. धाकट्यास,
अ. उ. आ., वि. वि.

परवाचं पत्र मिळालं असेल तर फाडून टाक. खाटेचं थांबव. अक्षर वाकडंतिकडं झालंय, लावून घे.

काल दुपारी गणवेशांचं शेवटचं बटण लावून झालं. बाबा असे खवळलेले, म्हणून बायकांना येऊ नका असं कळवलं होतं. मशीन बंद, रेडिओ बंद. पायांत त्राण नव्हतं, तेव्हा म्हटलं धाकट्याचा अर्धा तास करून टाकू, निदान बसायला तरी मिळेल. खाटेजवळ स्टूल घेतलं. पहिली दहा मिनिटं डोक्यात नुसती काजं आणि बटणं. मग लक्षात आलं की मी गप्प झाल्याबरोबर बाबाही गप्प झालेत. माझ्याकडे टक लावून बघत होते. मी बोलत नाही, ग्लास आणत नाही, वाचत नाही, हे बघून त्यांनी डावा तळहात हळूच भिंतीवर ठेवला. मग मोठ्या कष्टाने मान वळवून कान भिंतीला लावला.

तुला आठवतं, गळती शोधताना ते नळावर पेचकस टेकवून त्याची मूठ कानाला लावायचे? आणि आपल्याला श्वासही घेऊ द्यायचे नाहीत? मीही भिंतीला कान लावला. त्या भिंतीतून वरच्या बाईंचा नळ जातो, बाबांनीच बसवलेला. बाईंनी तोटी उघडली की भिंत गुणगुणते. पहाटे पाचला एकदा, मग दिवसभर पन्नासदा, कारण बाईंना भांडी तीनदा धुतल्याशिवाय चैन पडत नाही. इतकी वर्षं तो आवाज मी ऐकत आले, म्हणजे ऐकत नव्हतेच. काल भिंतीत काही नव्हतं. जरासुद्धा नाही. बाबांनी छताकडे बघितलं आणि अगदी हळू, मला समजावल्यासारखं, म्हणाले: पाणी.

खोटं कशाला बोलू, दारात गेले आणि थांबले. वर कोण राहतं ते आठवलं. तो झगा आठवला. गेल्या असतील कुठे नातेवाइकांकडे, आपल्याला काय, असं मनात आलं. पण त्यांना नातेवाईकच नाहीत हे मला माहीत आहे. मागून बाबांचा आवाज येईल म्हणून वाट बघितली, तो आला नाही. त्यांनी त्यांचं सांगून टाकलं होतं. मी कठड्याला धरलं, आणि तशीच वर गेले.

दार आतून बंद. खालच्या किल्लीवाल्याला हाका मारून आणलं, त्याने कुलूप काढलं. बाई न्हाणीघरात जमिनीवर पडल्या होत्या. मंगळवारी संध्याकाळी पाय घसरला, खुबा मोडला, तेव्हापासून तिथेच. तोटी हाताच्या वर वीतभर, पण पोचत नव्हती. ओठ फुटलेले, डोळे उघडे. मी वाकले. त्यांनी मला ओळखलं की नाही देव जाणे, पण एकच शब्द बोलल्या. तोच.

धाकट्या, मी गुडघे टेकले ते प्रार्थनेला नव्हे, त्यांचं डोकं मांडीवर घ्यायला. दोन दिवस एक माणूस खाली आणि एक माणूस वर एकच शब्द बोलत होतं, आणि मध्ये मी मशीन चालवत बसले होते. पदर भिजवून त्यांच्या ओठांना लावला. किल्लीवाला बिचारा तोंड फिरवून रडत होता. त्या न्हाणीघरात आणखी कुणीतरी होतं असं मला वाटलं. दिसलं काही नाही. पण मी इतकी भ्यायले आणि इतकी शांत झाले, दोन्ही एकदम, असं याआधी कधी झालं नव्हतं.

इस्पितळात थोडी हुशारी आल्यावर बाईंनी सांगितलं. पहिल्या संध्याकाळी त्या ओरडत होत्या. खालचं मशीन थांबलं की तेवढ्यात हाक मारायची, पुन्हा सुरू झालं की दम घ्यायचा, असं चाललं होतं. मग आवाज गेला. आणि त्याच सुमाराला खालून आपले बाबा ओरडायला लागले. बाईंना शब्द कळत नव्हता, पण खाली कुणाला तरी समजलंय आणि ते आपल्यासाठी भांडताहेत, एवढं कळत होतं. त्या म्हणाल्या, तो आवाज थांबला असता तर मी डोळे मिटले असते.

मी खाली येऊन बाबांना सांगितलं, की सापडल्या, जिवंत आहेत. त्यांनी डोळे मिटले आणि रात्रंदिवस ओरडलेला तो माणूस लहान मुलासारखा झोपला.

तुला असाच सगळा लोभ, आणि आज थोडा जास्त.

तुझी,
ताई


मंगळवार, ता. १९

ती. ताईस,
प्रभूत स. सलाम, वि. वि.

तुझं पत्र शनिवारी आलं. रविवारी मी उभा राहिलो आणि मंडळीला सांगितलं, की दोन रविवारांपूर्वी वडिलांच्या शब्दाचा अर्थ मी सांगितला तो चुकला होता. त्यांना पाणी म्हणजे पाणीच म्हणायचं होतं. एका बाईचा नळ दोन दिवस उघडलाच गेला नाही, एवढंच ते सांगत होते. मग तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यानंतर प्रवचन करायचं होतं, ते मला जमलं नाही. खजिनदारांना हवं होतं तसं ते आपोआप आखूड झालं.

तेव्हापासून एकच विचार छळतोय. वधस्तंभावर प्रभूसुद्धा तहान लागली म्हणाला. आम्ही त्यावर किती पुस्तकं लिहिली. मी तिथे उभा असतो तर त्याला काय दिलं असतं? व्याख्यान. ताई, लुळा पडलेला, शब्द हरवलेला आपला बाप त्या घरातला एकटाच ऐकणारा होता. येशू त्याच्याशी बोलत होता आणि तो तुझ्याशी. मी मात्र शंभर कोसांवरून तुला ऐकायचं कसं ते शिकवत होतो. लाज वाटते, आणि त्याहून जास्त, अंगावर काटा येतो.

शुश्रूषागृहाला नको म्हणून कळवलं. खाट महिनाअखेरपर्यंत ठेवू म्हणाले, पण तो प्रश्न आता मिटला. बाबा कुठेही जाणार नाहीत. तुझ्या मदतीला कुणी बाई मिळते का बघतो.

रागावण्याचा हक्क राखून माया कर.

तुझा,
धाकटा


मंगळवार, ता. २६

चि. धाकट्यास,
अ. उ. आ., वि. वि.

आधी बाईंची खुशाली. शस्त्रक्रिया झाली, महिन्याभरात काठीने चालतील. मी एक दिवसाआड जाते. काल त्यांचे केस धुऊन दिले. आभार वगैरे काही नाही. पाणी जरा कोमट हवं होतं आणि इस्पितळाच्या झग्याची शिवण किती वाईट आहे, हे दोनदा ऐकवलं. शिवणीबद्दल त्यांचं बरोबर होतं. मी उसवून नीट करून दिली. झग्याचा विषय त्यांनीच काढला, तीन वर्षांपूर्वीच्या. बराच वेळ माझा हात धरून बसल्या. मीही सोडवून घेतला नाही.

आता जे लिहायला बसले ते. 'प्रश्न मिटला' असं तू लिहिलंस, आणि मला चमकल्यासारखं झालं. चार महिन्यांत बाबांना आपण एकदाही विचारलं नाही. उत्तर पाणीच येणार, मग विचारायचं कशाला, असं गृहीत धरलं. म्हणून मी त्यांचा डावा हात हातात घेतला आणि सांगितलं, एकदा दाबलं की हो, दोनदा दाबलं की नाही. आधी खात्री करून घेतली. मी तुमची सासू का, असं विचारलं. दोनदा दाबलं आणि हसले. चार महिन्यांनी हसले रे! मग रेडिओ आवडतो का विचारलं. दोनदा, तेही जोरात. म्हणजे इतके दिवस मी त्यांच्या डोक्याशी काय लावून ठेवलं होतं, बघ. गुरुवारची गाणी? एकदा. पण थोडी कमी? लगेच एकदा.

मग मोठ्या खुशीत विचारलं, की माझ्याजवळच राहणार ना?

दोनदा दाबलं.

मला वाटलं चुकलं. उलटं विचारलं, धाकट्याच्या गावी त्या घरात जायचंय का. एकदा. मी तीन दिवस रोज विचारते आहे. सकाळी विचारलं, संध्याकाळी विचारलं, शब्द बदलून विचारलं, रडत विचारलं. उत्तर बदलत नाही. माझ्या कंबरेसाठी का, म्हटलं. एकदा. आणखी काही कारण आहे का? एकदा. ते मला काढता येत नाही. मी सुचेल ते विचारते, ते दोनदा दाबतात आणि माझ्या हातावरून अंगठा फिरवतात, मी लहानपणी पाढा चुकले की फिरवायचे तसा.

मला त्यांना ठेवायचं आहे. आता कुठे मला ऐकू यायला लागलं होतं. पण मुलगा ऐकतो म्हणजे काय करतो, ते तूच लिहिलं होतंस. मुलीला वेगळा नियम नसावा. ऐकणं इतकं जड जातं, हे मात्र तू प्रवचनात सांगितलं नव्हतंस.

गाडी घेऊन ये. मी त्यांचे सदरे शिवून ठेवते, डाव्या हाताने काढता येतील असे, पुढून बंद लावून.

तुझी,
ताई


शनिवार, ता. ३०

ती. ताईस, स. सलाम.

उद्याची उपासना दुसऱ्या पाळकांवर सोपवली आहे. खाट पक्की केली आहे, सोमवारी दुपारपर्यंत गाडी घेऊन पोचतो. वाटेत बाबांना मागे झोपवता येईल अशी सोय केली आहे. मी बोलणार नाही, तू बोलू नकोस, दोघं त्यांच्याजवळ थोडा वेळ नुसते बसू. मग निघू.

धाकटा


गुरुवार, ता. १८

ती. ताईस,
प्रभूत स. सलाम, वि. वि.

बाबा रुळले. तुझे सदरे बघून नर्सने शिवणाऱ्याचा पत्ता मागितला, तेव्हा कामाला तोटा नाही असं समज. खोलीत सहा खाटा आहेत. बाबांची मधली. सहाजणांपैकी नीट बोलणारं कुणीच नाही. खोली स्वच्छ आहे, उजेड चांगला आहे, आणि इतकी शांत की पहिल्या दिवशी मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मी रोज दुपारी जातो. सुरुवातीला शास्त्र घेऊन गेलो आणि वाचायला लागलो. बाबांनी माझा हात दोनदा दाबला. तेव्हापासून पुस्तक पिशवीतच राहतं आणि मी अर्धा तास नुसता बसतो. पहिल्या आठवड्यात ती शिक्षा वाटली. आता तिथे जायला पाय आपोआप वळतात.

मंगळवारी बाबांनी हाक मारली: पाणी. नर्स ग्लास घेऊन आली, त्यांनी तो बाजूला सारला. ती म्हणाली यांचं असंच असतं, आणि गेली. मला तुझं पत्र आठवलं. त्यांच्या नजरेकडे बघितलं. ते खिडकीजवळच्या खाटेकडे बघत होते. तिथे एक निवृत्त बसचालक आहेत, कायम भिंतीकडे तोंड करून असतात. झोपलेले असतात असं सगळे धरून चालतात, मीही. त्यांना भेटायला कुणी येत नाही. जवळ गेलो तर झोपलेले नव्हते. आवाज न करता रडत होते, उशी ओली होती, बहुतेक रोजच ओली होत असावी. सहा खाटांच्या त्या खोलीत ते फक्त बाबांना ऐकू आलं होतं.

पाळक म्हणून तिथे काय बोलायचं ते मला पाठ आहे. त्यातलं काही बोललो नाही. खाटेवर टेकलो. बऱ्याच वेळाने त्यांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच हात मागे केला, मी तो धरला. बाबांकडे वळून बघितलं तर ते माझ्याकडे बघत होते. ताई, आजवर बाबांसमोर मी खूपदा प्रवचन केलं, पण त्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. तुला न सापडलेलं ते दुसरं कारण मला त्या क्षणी समजलं, असं वाटतं. तुझ्या घरी ऐकण्यासारखं आता कुणी राहिलं नव्हतं. तू ऐकायला शिकली होतीस, माझं शिकणं अजून बाकी होतं.

आज मी निघायला उठलो आणि बाबा पुन्हा म्हणाले, पाणी. नर्स ग्लास घेऊन धावली. मी तिला थांबायला सांगितलं, आणि खाली वाकून बाबांना एवढंच विचारलं, की कुणाला. त्यांनी डोळ्यांनी दाखवलं. मी पिशवी ठेवली आणि तिकडे गेलो.

वरच्या बाईंना माझा सलाम सांग. तू ये तेव्हा ये, पण आलीस की थोडी गप्प बसायला ये.

तुझा,
धाकटा